आधी कुठे फाटते?

वस्तू टिकाऊ करणे हे कारागिराला भूषण वाटते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यात थोडा आत्मघात असतो. आज विकलेला कोट दहा वर्षे फाटला नाही, तर गिऱ्हाईक दहा वर्षे दुकानाची पायरी चढणार नाही. मग टिकाऊपणा हेच ज्याचे भांडवल, त्याने वाढायचे कसे? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सोडवावा असे कोणी म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्याला त्यात पडावेसे वाटले, ते एका शब्दामुळे.

माझे मामा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. कामावर ते जे निळे, जाडेभरडे कापड अंगावर चढवीत त्याला सगळे 'डांगरी' म्हणत. हा शब्द इंग्रजीतून आला असावा, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. इंग्रजीत 'डंगरीज' आहेच. पण कोशांत पाहिले तर वाट उलटी निघते. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे खरखरीत सुती कापड ते 'डुंगरी', अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून शब्द आणि कापड दोन्ही परदेशी गेले, खलाशांच्या विजारी झाले, आणि दोन-अडीचशे वर्षांनी तोच शब्द साहेबी उच्चार घेऊन आमच्या मामांच्या अंगावर परत आला. जाड कापडाचा प्रवास नेहमी असाच, कष्ट करणाऱ्यांच्या अंगावरून झालेला आहे. फॅशनच्या इतिहासात त्याची नोंद फार उशिरा होते.

या शब्दाचा माग काढता काढता डेट्रॉइटच्या 'कारहार्ट' या कंपनीपाशी येऊन थांबलो. हॅमिल्टन कारहार्ट या गृहस्थाने १८८९ साली एका माळ्यावर दोन शिलाई यंत्रे, अर्ध्या अश्वशक्तीची एक विजेची मोटर आणि पाच कामगार एवढ्यावर हा धंदा मांडला. सुरुवातीचा माल फारसा चालला नाही. मग त्याने एक साधी गोष्ट केली, जी त्या काळात फारसे कोणी करीत नसे. तो रेल्वेच्या कामगारांत गेला आणि त्यांना अंगावरच्या कपड्यांविषयी विचारू लागला. काय अडते, काय टोचते, आधी कुठे फाटते. त्यातून छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली 'बिब ओव्हरऑल' आकाराला आली. आजच्या विक्रीकलेच्या पुस्तकांत याला 'बाजार-संशोधन' असे भारदस्त नाव मिळेल. मला ती शिंप्याची रीत वाटते. शिंपी माप घेतो, आणि माप घेताना बोलतो.

आधी कुठे फाटते, हा प्रश्न त्या कपड्यांच्या घडणीत आजही दिसतो. त्यांचे कापड 'डक' या जातीचे. या नावाचा बदकाशी काही संबंध नाही. डच भाषेत 'डूक' म्हणजे कापड, त्याचा हा अपभ्रंश. ताण्याचे दोन-दोन धागे जोडीने घेऊन घट्ट विणलेले हे सुती कापड चौरस मीटरला सुमारे चारशे ग्रॅम भरते. नवे असताना ते इतके ताठ असते की विजार जमिनीवर उभी राहील असे वाटावे. मुख्य शिवणी तिहेरी टाक्याच्या. खिशाच्या कोपऱ्यांवर रिव्हेट. (ही युक्ती कारहार्टची नव्हे. रीनो येथील जेकब डेव्हिस या शिंप्याला ती सुचली आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याने १८७३ साली तिचे पेटंट घेतले. त्याच्याकडेही म्हणे खिसे फाटण्याची तक्रार घेऊन एका मजुराची बायको आली होती.) मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत कापडाचा दुसरा थर, आणि त्या थराला खालून उघडी फट, म्हणजे आत गेलेला लाकडाचा भुसा झटकता यावा किंवा गुडघ्याची गादी सरकवता यावी. मांडीच्या बाजूला हातोडी अडकवायला पट्टी. या प्रत्येक गोष्टीमागे कोणातरी कामगाराचा फाटलेला कपडा आहे.

जाहिरातीचे त्या वेळचे वळणही पाहण्यासारखे आहे. नावातील 'कार' आणि 'हार्ट' यांवर कोटी करून हृदयाच्या आकृतीत गाडीचा डबा काढलेले बोधचिन्ह, ही झाली गंमत. 'प्रामाणिक डॉलरला प्रामाणिक मोल' अशा अर्थाचे ब्रीदवाक्य, हे झाले व्यापारी सौजन्य. पण खरी महत्त्वाची गोष्ट होती ती युनियनची चिठ्ठी. त्या काळी ओव्हरऑलसारखे कपडे अंधाऱ्या खोल्यांतल्या घामट कारखान्यांत, एवढेच नव्हे तर तुरुंगात कैद्यांकडूनही शिवून घेतले जात. शिलाई कामगारांच्या संघटनेची चिठ्ठी कपड्यावर असणे याचा अर्थ, हा कपडा संघटित आणि रीतसर मजुरी मिळणाऱ्या माणसांनी शिवला आहे. रेल्वे कामगारांच्या संघटनांची मासिके हा त्या मालाच्या जाहिरातींचा एक मोठा रस्ता होता, आणि 'युनियनने शिवलेले' हे शब्द त्यात ठळकपणे येत.

याकडे नीट पाहिले पाहिजे. इंजिनात कोळसा टाकणारा कामगार विजार विकत घेताना ती कोणी शिवली, हेही विकत घेत होता. घालणारा आणि शिवणारी, दोघांचे श्रम एकाच जाहिरातीत उभे होते. माझ्या मते कामाच्या कपड्यांच्या जाहिरातीने गाठलेली ही सर्वांत उंच जागा. पुढचा सगळा इतिहास वाढीचा आहे हे खरेच. पण या एका बाबतीत तो उताराचा आहे.

१९१० पर्यंत कंपनी बरीच फोफावली. दक्षिणेत स्वतःच्या कापडगिरण्या होत्या, डेट्रॉइटखेरीज अटलांटा, डॅलस, सॅन फ्रान्सिस्को, कॅनडा, थेट लिव्हरपूलपर्यंत शिलाईचे कारखाने होते. पुढे मंदीत बहुतेक पसारा आवरावा लागला. १९३७ साली संस्थापक मोटार-अपघातात वारला आणि धंदा मुलाच्या हाती आला. आजही ती कुटुंबाच्याच मालकीची आहे. हा तपशील वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

मधली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कपड्यांच्या किमती भडकल्या. तेव्हा १९२० च्या वसंतात टॅम्पा, बर्मिंगहॅम अशा दक्षिणेकडील शहरांतून 'ओव्हरऑल क्लब' निघाले. वकील, कारकून, विद्यार्थी, पाद्री यांनी महागड्या सुटांवर बहिष्कार घालून कामगारांचा पोशाख चढवला. जॉर्जियाचे एक प्रतिनिधी तर अमेरिकी संसदेत ओव्हरऑल घालून हजर झाले. सात्त्विक संताप होता तो. परिणाम काय झाला? मागणी वाढली आणि ओव्हरऑलच महाग झाली. ज्यांना दुसरे काही घालणे परवडत नव्हते, त्यांच्या खिशाला त्या सात्त्विकतेची झळ बसली. चळवळ काही आठवड्यांतच ओसरली. पण शंभर वर्षांनंतरच्या बाजाराची सगळी बीजे मला त्या काही आठवड्यांत दिसतात. साधेपणाचे प्रदर्शन करणाऱ्यांची साधेपणावाचून गत्यंतर नसलेल्यांशी गाठ पडली, की किंमत नेहमी दुसऱ्याला मोजावी लागते.

आता मूळ कोड्याकडे येऊ. न फाटणारा कपडा विकून वाढायचे कसे? एक उत्तर असे की खऱ्या कामात न फाटणारा कपडा नसतोच. वेल्डिंगच्या ठिणग्या, काटेरी तारा, सिमेंट, डांबर यांपुढे चारशे ग्रॅमचे कापडही काही हंगामांतच हार मानते. म्हणजे खरा कामगार परत येतो. साध्या विजारीपेक्षा उशिरा येतो, पण त्याच दुकानात येतो. दुसरे उत्तर नव्या कामांचे, नव्या हवामानांचे. १९७५ ते १९७७ या काळात अलास्कातून तेलाची नळवाहिनी टाकली जात असताना, थुंकी जमिनीवर पडण्याआधी गोठावी अशा थंडीत हजारो माणसे काम करीत होती. अस्तराचे, कापूस भरलेले तपकिरी डगले तिथे सर्रास दिसू लागले. त्या प्रदेशात या कपड्यांविषयी एक लोककथाच तयार झाली. टॉकीटना नावाच्या लहानशा गावी नववर्षाच्या पूर्वसंध्येला 'कारहार्ट बॉल' भरत असे, आणि त्यात लोक आपापले फाटके डगले घालून मंचावर येत व त्यांनी आपला जीव कसा वाचवला याचे किस्से सांगत. अस्वले, यंत्रे, बर्फाची तळी. किश्शांत भर किती आणि खरे किती हे विचारायचे नसते. मुद्दा हा की जाहिरात लिहिणारा आता कंपनीच्या कचेरीत बसलेला नव्हता. स्त्री-कामगारांना मात्र त्यांच्या अंगाच्या मापाचे कपडे मिळायला २००७ साल उजाडावे लागले. इतकी वर्षे त्या पुरुषांच्या विजारींना आत टीप घालून काम करीत होत्या. माप घेताना बोलणारा शिंपी इथे बराच काळ गप्प राहिला, असेच म्हटले पाहिजे.

तिसरे उत्तर सर्वांत लाभदायक ठरले, आणि ते कंपनीला सुचलेले नव्हते. १९९० च्या आसपास न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय तरुण हे ढगळ, ताठ कोट घालू लागले. हिप-हॉप संगीताच्या मंडळींत तो गणवेश झाला. 'टॉमी बॉय' या ध्वनिमुद्रण कंपनीने तर आपले चिन्ह लावून कारहार्टची जाकिटे वाटली. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, एडविन फे या स्विस व्यावसायिकाने युरोपात हे कपडे निराळ्या गिऱ्हाइकासाठी आणायला सुरुवात केली. 'वर्क इन प्रोग्रेस' या नावाने परवान्याखाली चालणारी ती शाखा आज स्वतंत्र फॅशनचे घर आहे. काट थोडी अंगासरशी, रंग हंगामागणिक नवे, कापड आधीच धुऊन मऊ केलेले. बर्लिनच्या गल्लीत किंवा टोकियोच्या दुकानात हा कोट घेणारा चित्रकार असेल, संगणकाचे काम करणारा असेल. त्याच्या हातून तो कोट कधीच फाटणार नाही. टेबलाच्या कडेला कोपर घासून किती घासणार? म्हणजे टिकाऊपणा खऱ्या अर्थाने त्यालाच मिळतो, ज्याला त्याची गरज नाही! आणि म्हणूनच त्याला परत दुकानात आणायचे तर टिकाऊपणा विकून भागत नाही. त्याला दरवर्षी नवा रंग द्यावा लागतो. कामगाराला तोच तपकिरी कोट पन्नास वर्षे चालतो. फॅशनला तो तीन महिन्यांत जुना होतो.

इथे मला एक सरधोपट निषेध टाळायचा आहे. जे राबत नाहीत त्यांनी राबणाऱ्यांचे कपडे घालू नयेत, असे म्हणणे म्हणजे जुन्या जातिव्यवस्थेतले पोशाखाचे नियमच उलट्या बाजूने लागू करण्यासारखे आहे. कोणी काय नेसावे, धोतर कुठवर यावे, जोडे कोणी घालावेत, हे ठरवणाऱ्या समाजातून आपण आलो आहोत. ते दंडक पुन्हा नकोत. न्यूयॉर्कच्या त्या तरुणांनी कोट उचलला त्यात थट्टा नव्हती. थंडी खरी होती, रात्रभर रस्त्यावर उभे राहणेही खरे होते.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. कपडा नुसता विकत घेता येतो. त्याची झीज विकत घेता येत नाही, ती अंगमेहनतीने यावी लागते. बाजाराला हे सहन झाले नाही. २०१७ साली अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या दुकानाने खोटा चिखल माखलेली जीन सव्वाचारशे डॉलरला विकायला काढली, तेव्हा पुष्कळ हसे झाले. पण चिखल ही तरी विनोदाची बाब. विटलेली, मांडीवर पांढरी पडलेली जीन गेली काही दशके जगभर विकली जाते. ती झीज आणायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे दाबाने वाळूचा फवारा मारणे. तुर्कस्तानात नोंदही नसलेल्या छोट्या कोंदट कारखान्यांतून हजारो तरुण हे काम करीत. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की तिच्यावर इलाज नाही. खाणीत वीस-तीस वर्षे काढल्यावर होणारा सिलिकोसिस या पोरांना काही महिन्यांत, दोन-चार वर्षांत झाला. कित्येक मेले. २००९ साली तुर्कस्तानने त्या पद्धतीवर बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हाईज आणि एचअँडएम यांनी ती थांबवण्याची घोषणा केली. कारहार्टचा या प्रकरणाशी संबंध नाही, हे स्पष्ट नोंदवतो. पण कामाच्या कपड्याचे बाजारात जे झाले त्याचे टोक मला तिथे दिसते. एका कामगाराने न केलेल्या श्रमाची खूण कापडावर उमटावी म्हणून दुसऱ्या कामगाराने आपली फुप्फुसे दिली. हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबलो, पण त्यात काही अतिशयोक्ती सापडत नाही.

आणि इथेच युनियनची ती चिठ्ठी आठवते. आजच्या जाहिरातींत कामगार भरपूर असतो. शेतकरी, सुतार, वेल्डर, कष्टाने रापलेले चेहरे, उत्तम छायाचित्रण. २०२० च्या साथीत कंपनीने वैद्यकीय झगे आणि मुखपट्ट्या शिवल्या, तेही चांगलेच. पण या चित्रांत शिवणारी सहसा नसते. केंटकी आणि टेनेसी इथे कंपनीचे कारखाने आहेत आणि त्यांचा अभिमानाने उल्लेख होतो. मालाचा मोठा हिस्सा मात्र मेक्सिकोत आणि त्याहून दूरच्या देशांत शिवला जातो. त्या शिवणीसुद्धा तिहेरीच असतात. तीन सुयांच्या यंत्राखाली जाड कापड सरकवणाऱ्या बाईचे मनगट दिवसाअखेरीस कसे होते, हे कोणत्याही पानावर दिसत नाही. टिकाऊपणा दोघांच्या कष्टांतून निर्माण होतो. शंभर वर्षांपूर्वी जाहिरातीला हे माहीत होते, आता त्यातला एकच जण उरला आहे, आणि तोही उत्तरोत्तर चेहऱ्यापुरता.

चेहरा विकण्याचे स्वतःचे धोके असतात. 'आम्ही तुमचेच' असे गिऱ्हाइकाला सव्वाशे वर्षे सांगितले, की ते एक दिवस त्यावर विश्वास ठेवते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या आस्थापनांवरील लसीकरणाचा सरकारी नियम रोखून धरला. तरीही आपल्या कर्मचाऱ्यांना लस घ्यावी लागेल, असे कंपनीच्या प्रमुखांनी कळवले. लगेच बहिष्काराची हाक उठली, लोकांनी आपापले डगले फेकून देण्याच्या गोष्टी केल्या. लशीविषयी माझे मत कंपनीच्याच बाजूचे आहे. पण त्या रागाचा जातिवंतपणा मला समजतो. साबण बनवणाऱ्या कंपनीने हे केले असते तर एवढे कोणी दुखावले नसते.

मालकी कुटुंबाची असल्याचे महत्त्व म्हटले होते ते असे. कामाच्या कपड्यांचे दुसरे मोठे नाव 'डिकीज', १९२२ साली टेक्सासमध्ये निघालेले. ते २०१७ मध्ये व्हीएफ या शेअर बाजारातील समूहाने ८२ कोटी डॉलरला घेतले आणि २०२५ मध्ये ६० कोटीला विकण्याचा करार केला. स्केटबोर्डवाल्या पोरांची लाट चढती असेपर्यंत समूहाला उत्साह होता. लाट ओसरली तशी त्याची सबुरी संपली. तिमाही ताळेबंद मांडणाऱ्याला दहा वर्षे टिकणाऱ्या विजारीचे करायचे काय? आणि आयुष्यभराच्या हमीचेही तेच. मेन राज्यातील एल. एल. बीन हे शिकारी बुटांचे घर शतकभर विनाअट माल परत घेत असे. लोक जुन्या बाजारातून उचललेले बूट आणून नवे मागू लागले, तेव्हा २०१८ मध्ये ती हमी एका वर्षावर आली. दोष दुकानाचाही नाही. टिकाऊपणा हा दोन बाजूंचा करार असतो, गिऱ्हाइकानेही थोडे टिकाऊ असावे लागते.

कारहार्टने २०२३ पासून वापरलेले कपडे परत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकायची सोय केली आहे. मला हे मनापासून पटते. वाढीच्या कोड्याला हे प्रामाणिक उत्तर आहे, कारण यात एकच कोट दोनदा विकला जातो आणि कापूस एकदाच लागतो. गंमत एवढीच की जुन्या बाजारात खऱ्या कामात विटलेल्या जाकिटाला पुष्कळदा नव्याहून अधिक पैसे मिळतात. ज्याने ते विटवले त्याने ते विकताना काय मिळवले, याचा हिशेब त्या किमतीत नसतो. माझ्या एका विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, मग विटवण्याचीही मजुरी द्यायला पाहिजे." थट्टेत म्हणाला. मला त्यात थट्टा दिसली नाही.

मामांच्या डांगरीचे कापड कामावर मिळे आणि ते शिवून घ्यावे लागे. वर्कशॉपच्या फाटकासमोरच्या गल्लीत एक शिंपी होता, निम्म्या वर्कशॉपचे कपडे त्याच्याकडे. मी सात-आठ वर्षांचा असताना मामांबरोबर तिथे गेलो होतो. त्याने गळ्यातली टेप काढलीसुद्धा नाही. मामांची माप पाठच होती. जुनी डांगरी त्याने उजेडात धरली, उलटीसुलटी केली, आणि विचारले, "औंदा ढोपरावर गेली नाही वाटतं. बदली झाली काय?"

मामा म्हणाले, "होय. आता उभ्यानं काम."

शिंप्याने ढोपराचा दुहेरी तुकडा बाजूला ठेवला आणि त्यातून कोपराला ठिगळे काढली. पैसे तेवढेच घेतले.